पहिलं बिऱ्हाड मांडताना चार पैसे जास्त कुठे घालावेत

पुण्या-मुंबईत नोकरीला लागलं, खोली मिळाली, डिपॉझिट भरलं, की उरलेल्या पैशांत अख्खं घर बसवायचं असतं. मग एका रविवारी एकाच दुकानातून कुकरपासून चादरीपर्यंत सगळं स्वस्तातलं उचललं जातं आणि वर्षाच्या आत त्यातलं निम्मं पुन्हा घ्यावं लागतं. काही जण उलट टोकाला जातात. काचेच्या डिनर सेटला भरपूर पैसे देतात आणि गॅसची नळी जुन्या भाडेकरूची तशीच ठेवतात. दोन्हीकडे पैसा चुकीच्या जागी जातो.

वस्तूच्या ज्या भागावर उष्णता, वाफेचा दाब, वीज किंवा आपल्या शरीराचा भार येतो, त्या भागासाठी जास्त पैसे द्यावेत, हा आमचा ठोकताळा आहे. रंग, पॅकिंग, नक्षी आणि जादा बटणं यांसाठी देऊ नयेत. भार झेलणारा भाग बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणूनच स्वस्त वस्तूत नेमकी तिथेच काटछाट झालेली असते. त्यामुळे दुकानात डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा.

पायरी १: दुकानात जाण्याआधी

पिशवीत तीन गोष्टी टाका: छोटं लोहचुंबक, मोजपट्टी आणि सामान वजन करायचा हूकवाला डिजिटल काटा. या तिन्हींना मिळून पाचशेच्या आसपास खर्च येतो आणि पुढची अर्धी तपासणी यांच्यावरच होते.

निघण्याआधी घरात चार गोष्टी बघून लिहून ठेवा.

स्वयंपाकघरात सिलिंडर आहे की पाइपचा गॅस? दोन्हींच्या शेगडीचं जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं बारीक भोक, वेगळं असतं. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो, म्हणून त्याला मोठ्या भोकाचं जेट लागतं. सिलिंडरची शेगडी पाइपला जोडली तर ज्योत मिणमिणती येते. पाइपची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते आणि भांडी काळी होतात, ते धोक्याचंही आहे.

१६ अँपिअरचे मोठे सॉकेट किती आणि कुठे आहेत? भाड्याच्या घरात बहुधा एक बाथरूममध्ये, एक किचनमध्ये. इस्त्री, इंडक्शन, पाणी तापवायची किटली यांच्या जागा त्यावरून ठरतात.

पलंग असेल तर त्याची लांबी, रुंदी आणि गादीची जाडी इंचांत मोजा. चौथं, विजेचं बिल तुमच्या मीटरवर येतं की भाड्यात धरलेलं आहे? पंखा घेताना याचा उपयोग होईल.

पायरी २: आयएसआयचा शिक्का वाचायला शिका

नुसतं चिन्ह बघून पुरत नाही, ते कुणीही छापू शकतं. खऱ्या शिक्क्यात चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ असं लिहून परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप मोबाइलवर घ्या, त्यात हा परवाना क्रमांक टाका. कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की संपलाय ते लगेच दिसतं. कंपनीचं नाव डब्यावरच्या नावाशी जुळत नसेल तर वस्तू परत ठेवा.

लक्षात ठेवण्यासारखे क्रमांक थोडेच आहेत: प्रेशर कुकर २३४७, गॅसची शेगडी ४२४६, गॅसची रबरी नळी ९५७३, प्लग आणि सॉकेट १२९३, पाण्यात बुडवायचा हीटर ३६८, दुचाकीचं हेल्मेट ४१५१. मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

पायरी ३: वीज आणि गॅस, पहिल्याच दिवशी

एक्स्टेन्शन बोर्डापासून सुरुवात करू, कारण घरात सर्वांत निष्काळजीपणे घेतली जाणारी वस्तू हीच आहे.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. लहान पिनचा बोर्ड ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्यावर सगळं मिळून २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅटच चालतात. बोर्डावर सॉकेट चार असोत की आठ, ही मर्यादा बदलत नाही. मोबाइल, लॅपटॉप, टेबल फॅन, दिवा हे सगळं मिळून २०० ते ३०० वॅट होतात, काही बिघडत नाही. पण पाणी तापवायची १५०० वॅटची किटली एकटीच साडेसहा अँपिअर ओढते, २००० वॅटचं इंडक्शन जवळजवळ नऊ. ही उपकरणं थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटात लावावीत. मोठी पिन लहान सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर बाजारात वीस-तीस रुपयांना मिळतो. तो घरात आणूच नका.

स्वस्त बोर्ड जळतो तो नेमका कुठे? वायरीपेक्षा जास्त वेळा सॉकेटच्या आतल्या पट्टीशी. पट्टी पातळ आणि कमी स्प्रिंगची असली की पिन सैल बसते आणि त्या सांध्यात विरोध तयार होतो. समजा तिथे फक्त अर्धा ओहम विरोध आहे आणि ८ अँपिअर वाहताहेत, तर ८ गुणिले ८ गुणिले अर्धा, म्हणजे ३२ वॅट उष्णता त्या मुगाएवढ्या जागी तयार होते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंगचा लोखंडी कावीया २५ वॅटचा असतो. प्लॅस्टिक पिवळं पडणं, करपल्याचा वास, पिन काढल्यावर हाताला चटका, या सगळ्यामागे हा एकच दोष असतो.

दुकानात बघायचं ते असं.

वायरीवर छापलेलं वाचा. तीन कोर, म्हणजे आत तीन वेगळ्या तारा, आणि १.५ स्क्वेअर मिलिमीटर तांबं असेल तर उत्तम, ०.७५ हे फक्त चार्जर-लॅपटॉपच्या बोर्डाला चालेल. काहीच छापलेलं नसेल तर तो बोर्ड घेऊ नका. वायर हातात घेऊन पाहा: चपटी आणि दोनच कोरची असेल तर वरच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंग नाही, ते नुसतं दिखाऊ आहे. अशा बोर्डावर फ्रिज किंवा कॉम्प्युटर लावला आणि आत वीज उतरली, तर त्याला हात लावणाऱ्यालाच शॉक बसतो.

प्लगच्या पिनांना लोहचुंबक लावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

कोणत्याही देशाची पिन बसेल असं सांगणारी चौरस भोकं टाळा. सगळ्या आकारांना जागा द्यायची म्हणून त्यातली पट्टी कुठल्याच पिनेला नीट धरत नाही. पिन घालताना आणि काढताना सगळ्या सॉकेटांत सारखाच घट्टपणा जाणवला पाहिजे.

लांबी लागेल तेवढीच घ्या. पाच मीटरचा बोर्ड घेऊन तीन मीटर वायर गुंडाळून ठेवली की ती गुंडाळी आतून तापते, उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. साधा बोर्ड दीडशे-दोनशेला मिळतो, धड बोर्ड पाचशे ते नऊशेला. मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात तपकीर गल्लीत निवड भरपूर आहे. मात्र तिथेही एकाच नावाचा अस्सल आणि नकली माल शेजारी शेजारी मिळतो, म्हणून पक्कं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

गीझर नसलेल्या खोल्यांत पाणी तापवायचा रॉड हमखास येतो. तो १५०० वॅटचा असला तरी १६ अँपिअरच्या सॉकेटातच लावा, आणि रॉडवर पाण्याची किमान व कमाल पातळी दाखवणारी खूण असलीच पाहिजे. बादली प्लॅस्टिकची वापरा, लोखंडी किंवा स्टीलची वापरू नका. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. आधी बटण बंद, पिन बाहेर, मग पाण्याला हात. पाण्याबाहेर चालू राहिलेला रॉड थोड्याच वेळात लाल होतो, आतलं इन्सुलेशन तडकतं. तो पुन्हा पाण्यात घातला की वीज पाण्यात उतरू शकते. मुंबईबाहेर बोअरचं पाणी असेल तर रॉडवर पांढरा क्षार चढतो, तो महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून काढावा. क्षाराखाली रॉड तापून फुटतो.

आता गॅस. जुन्या भाडेकरूची नळी काढून टाका, किती चांगली दिसत असली तरी. नवी नळी ‘सुरक्षा’ प्रकारची घ्या: नारिंगी रंगाची, आत बारीक तारेची जाळी असलेली. तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. ती पाच वर्षं वापरता येते, मग दिसायला धड असली तरी बदलायची. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मधे जोड नको, शेगडीच्या मागून बर्नरजवळून जाऊ देऊ नका. गॅस एजन्सीकडून घेतली तर बाजारातल्या साध्या नळीपेक्षा थोडी महाग पडते, पण फरक शंभर रुपयांच्या आसपासच असतो. बसवल्यावर दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर नळी नीट बसलेली नाही. काडी ओढून तपासू नका. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर तक्रारीचा नंबर १९०६ आहे, तो रात्रंदिवस चालतो.

पायरी ४: कुकर

१ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय सक्तीचं आहे. तरीही फेरीवाल्यांकडे आणि ऑनलाइन दुकानांतही बिनशिक्क्याचे कुकर विकले गेले आहेत. म्हणून इथे शिक्का तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकार आधी ठरवा. एकट्यादुकट्याला नुसता भात किंवा खिचडी लावायची तर तीन लिटर पुरतो. पण आपल्याकडे कुकर लावणं म्हणजे डबे लावणं: खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात, जमलं तर बटाटे. त्यासाठी उंच आकाराचा पाच लिटरचा घ्या आणि डबे त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्या. बाहेरून आणलेला डबा अर्धा सेंटिमीटर उंच असला तरी झाकणाच्या आतल्या बाजूला टेकतो आणि वाफेची वाट अडते.

धातूचं सांगायचं तर साधं ॲल्युमिनियम सर्वांत स्वस्त आणि डबे लावायला पूर्णपणे पुरेसं आहे. आत नुसतं पाणी असतं, अन्न धातूला लागत नाही. पाणी जड असेल तर आतून काळा पडतो. त्यासाठी पाण्यात चिंचेचं बोटुक किंवा पिळलेलं लिंबू टाकावं. कुकरमध्ये थेट आमटी, टोमॅटोचं सार किंवा चिंच-कोकम घातलेली भाजी शिजवणार असाल तर मात्र स्टीलला जास्त पैसे द्या, कारण आंबटाने ॲल्युमिनियम झिजतं आणि पदार्थाला चव लागते. स्टील घेताना तळ बघा. नुसत्या पातळ स्टीलच्या तळाला डाळ लागते. स्टील उष्णता पसरवत नाही, ज्योतीखाली गोल डाग पडून तिथे करपतं. तळाला ॲल्युमिनियमचा जाड थर दोन स्टीलच्या पत्र्यांत दाबलेला असावा. जास्त पैसे या थरासाठीच द्यायचे. इंडक्शनवर वापरायचा असेल तर तळाला चुंबक घट्ट चिकटलं पाहिजे.

मग झाकण हातात घ्या. शिट्टीच्या नळीतून उजेडाकडे बघा, भोक आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. घरीही दर वेळी झाकण लावण्याआधी असंच बघायची सवय ठेवा, डाळीचं एक साल तिथे अडकायला पुरतं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधोमध मऊ धातूचा ठिपका असतो. पाणी संपलं किंवा नळी तुंबली की तापमान वाढून तो वितळतो आणि वाफ बाहेर जाते. एकदा वितळला की त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा. झाळून किंवा भलताच स्क्रू घालून भोक बुजवलेला कुकर म्हणजे झाकण बंद केलेला बॉम्ब आहे.

गॅस्केटसाठी जास्त पैसे द्यावेच लागतात. नकली रबर शंभरच्या आतलं असतं, पण महिन्या-दोन महिन्यांत ताठ होतं. मग वाफ कडेने सुटते, शिट्टी होत नाही, गॅस जळत राहतो आणि वरण कच्चं. कुकर बिघडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा दोष एवढाच निघतो. अस्सल गॅस्केट धुऊन, पुसून, झाकणाबाहेर सैल ठेवावं, ओढून ताणू नये. रोज वापर असेल तर वर्षभरात बदलायचंच, असं धरून चाला. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. डाळ-तांदूळ थेट शिजवत असाल तर निम्माच, कारण डाळीचा फेस वर चढून नळीत जातो.

तवा: चांगला म्हणजे महाग, असं इथे नाही

भाकरी करणार असाल तर नॉनस्टिक तवा घेऊ नका. भाकरीला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो. नॉनस्टिकचा थर रिकाम्या तव्यावर २६० अंशांच्या पुढे गेला की खराब व्हायला लागतो. बिडाचा किंवा लोखंडी तवा घ्या. तो नावाजलेल्या नॉनस्टिकपेक्षा बऱ्याचदा स्वस्तच असतो आणि पुढच्या पिढीला देता येतो.

इथे पिशवीतला वजनाचा काटा बाहेर काढा. २६ सेंटिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तवा, दांडी सोडून, साधारण सव्वा किलो भरतो. सातशे-आठशे ग्रॅम भरला तर पत्रा पातळ आहे. तो पोळी टाकली की थंड होतो, मोठ्या आचेवर मधोमध वाकतो आणि मग पोळी कडेला कच्ची राहते. बिडाचा तवा याहून जड असतो, पण हातातून फरशीवर पडला तर तडकतो, हे विसरू नका.

आणल्यावर साबण आणि तारेच्या घासणीने एकदाच कडक घासा, कारखान्यातलं तेल जाईल. लगेच आचेवर कोरडा करा. मग खायच्या तेलाचे चार थेंब टाकून फडक्याने इतकं पुसा की तवा कोरडाच वाटेल. धूर येईपर्यंत तापवा, आच बंद करा, निवू द्या. असं तीन-चार वेळा करा. पहिले दोन-तीन दिवस अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. तेल जाड लावलं तर चिकट राळ बसते, पोळ्या चिकटतात. मग घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पावसाळ्यात धुतला की आचेवर वाळवून तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवू नका, रात्रीत गंज चढतो.

मिक्सरबद्दल थोडक्यात: सुक्या खोबऱ्याची, शेंगदाण्याची, लसणाची चटणी रोज करायची असेल तर ७५० वॅट घ्या, नुसत्या ओल्या वाटणाला ५०० पुरतात. भांड्याच्या तळाशी असलेलं रबरी कपलर आणि मोटरचे कार्बन ब्रश हे झिजणारे भाग आहेत. ते ज्या कंपनीचे तुमच्या गल्लीत मिळतात, ती कंपनी चांगली. गरम मसाला वाटताना मिक्सर मधेच बंद पडला तर तो जळला असं समजू नका. तळाशी लाल बटण असतं, पाच-दहा मिनिटं थांबून ते दाबा.

पायरी ५: अंगाखाली आणि अंगावर

गादीत पैसा जातो तो फोमच्या घनतेसाठी. दुकानदार ‘मऊ’, ‘कडक’, ‘ऑर्थोपेडिक’ असं सांगतो, तुम्ही घनता विचारा. एका घनमीटरला ३२ ते ४० किलो असेल तर रोजच्या झोपेला टिकते. उत्तर मिळालं नाही तर वजन करा. ७२ बाय ३६ बाय ४ इंचांची गादी म्हणजे ०.१७ घनमीटर. चाळीसची घनता असेल तर ती सुमारे ७ किलो भरेल, वीसची असेल तर साडेतीन. साडेतीन किलोची गादी सहा महिन्यांत कमरेच्या जागी खड्डा धरते. एकाच प्रकारच्या फोमला हा हिशेब लागू पडतो, काथ्या किंवा स्प्रिंग असलेल्या गादीला नाही.

कापसाच्या गादीला आम्ही अजूनही मागे टाकणार नाही. दबली की पिंजून पुन्हा भरून घेता येते, ही सोय फोमला नाही. पण तिला ऊन लागतं. तळमजल्यावरची, ऊन न येणारी, मुंबई-कोकणच्या दमट हवेतली खोली असेल तर ती बुरसते, तिथे फोमच बरा.

चादरीत ‘धाग्यांची संख्या’ हा आकडा मोठा दाखवून किंमत वाढवलेली असते. एका चौरस इंचात २०० ते ३०० धागे असलेली शुद्ध सुती चादर रोजच्या वापराला पुरते. हजार धाग्यांचा दावा करणाऱ्या चादरीत बहुधा एकेका पिळाच्या धाग्यातले पदर वेगवेगळे मोजलेले असतात. सुती आहे की नाही ते कडेचा एक धागा जाळून कळतं: सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिस्टरची कडक गोळी होते. माप चुकू नका. पलंग ७२ इंच रुंद आणि गादी ६ इंच जाड असेल तर दोन्ही बाजू झाकायला ८४ इंच लागतात. ९० इंची चादर म्हणजे खोचायला प्रत्येक बाजूला तीनच इंच, आणि पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. ती रोज सकाळी गोळा झालेली सापडेल. अशा पलंगाला १०८ इंची घ्या.

टॉवेलच्या बाबतीत उलट सल्ला आहे. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर त्याचा दर्जा ठरवतात आणि हॉटेलांत ६०० ग्रॅमचे जाड टॉवेल असतात. मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैत असा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. ३५० ते ४५० ग्रॅमचा घ्या. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर, म्हणजे ४५० ग्रॅमच्या कापडाचा टॉवेल काट्यावर पाचशे ग्रॅमच्या किंचित वर भरेल. सोलापूरच्या टॉवेलांना आणि चादरींना भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात सोलापुरी म्हणून बरंच काही विकलं जातं. म्हणून काट्याबरोबर आणखी दोन गोष्टी बघा. नखाने एक फासा ओढा, तो सरसर निघत आला तर वीण सैल आहे. कडेची शिवण दुहेरी असावी, कारण टॉवेल फाटतो तो नेहमी कडेने. नवा टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा, वरची खळ निघाल्याशिवाय पाणी टिपत नाही. कपडे मऊ करणारं द्रव टॉवेलला कधीच लावू नका, तंतूंवर मेणचट थर बसतो. पावसाळ्यासाठी दोन पंचे जास्तीचे ठेवा.

दुचाकी असेल तर हेल्मेट हा खर्च कुकरच्याही आधीचा. १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदेशीर आहे. भुवयांच्या वर एक इंचावरून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्या मापाचं घ्या. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढा. डोक्यावरून निघत आलं तर ते अपघातात आधीच उडालेलं असेल. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच आघात झेलतो. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलावं. सेकंडहॅंड तर घेऊच नये. काळी काच रात्री चालत नाही.

पादत्राणं आणि छत्री यांचं लवकर आटपतं. कोकणच्या वाऱ्याला तीन घड्यांची छत्री टिकत नाही, लांब दांड्याची आणि फायबरच्या काड्यांची घ्या. कोल्हापुरी चपलेला चांगले पैसे द्यावेत, पण जून ते सप्टेंबर ती कपाटात राहिली पाहिजे, भिजलेलं चामडं सोलवटतं. आणि पॉलियुरेथेनच्या तळाचे महागडे बूट ‘जपून’ ठेवू नका. दमट हवेत दोन-चार वर्षं नुसते पडून राहिले तरी तळाचा भुगा होतो. ते वापरूनच संपवायचे.

पंखा: बिल तुमचं असेल तरच

साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३०. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ४५ वॅटचा फरक १६२ युनिट होतो. सगळे आकार धरून युनिटला ८ रुपये पकडले तर वर्षाला सुमारे १३०० रुपये. किंमत साध्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त, म्हणजे वर्षभरात वसूल, आणि घर सोडताना पंखा काढून नेता येतो. मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढून घ्या, निदान पूर्ण वेगावर ठेवा, नाहीतर पंख्यातलं सर्किट बिघडतं. या पंख्यांत मोटर सहसा जात नाही, सर्किटच जातं. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, हे विचारून मगच घ्या. वीजबिल भाड्यात धरलेलं असेल तर हा खर्च करू नका.

इथे जास्त देऊ नका

सुक्या धान्याचे स्टीलचे डबे. ज्या भांड्यात मीठ, आंबट किंवा ओलं राहतं तिथे ३०४ दर्जाचं, गंजाला जास्त टिकणारं स्टील हवं, गहू-तांदळाच्या डब्याला त्याहून स्वस्त २०२ दर्जाचं चालतं. एक सूचना: चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४, असं दुकानदार सांगेल. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे इथे भांड्यावरचा ठसा आणि बिलावरची नोंद एवढाच पुरावा. लोणचं तर कुठल्याच स्टीलमध्ये ठेवू नका, त्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणी.

नॉनस्टिक कढई मध्यम किमतीची घ्या. महागातलीही रोजच्या वापरात काही वर्षांत थर सोडते. झाडू, बादल्या, हँगर, कपडे वाळत घालायची दोरी तुळशीबागेत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल ती.

बिल आणि तारखा

सगळी बिलं घेतल्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं होतं, आणि वॉरंटीच्या वेळी तारीखच दिसत नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का तिथेच मारून घ्या. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही तक्रार सांगता येते. आणि गॅसची नळी, कुकरचं गॅस्केट, हेल्मेट यांवर घेतल्याचा महिना आणि वर्ष पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवा. नळीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहा, गॅस्केटची तारीख कुकरच्या दांड्याच्या आतल्या बाजूला, हेल्मेटची आतल्या पट्ट्यावर.